तक्त्यातली झोप

मोठ्या बाईंनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक गणिताच्या बाईंचा महिनाभराच्या रजेचा अर्ज. दुसरा गणिताच्या बाईंनीच भरलेला तक्ता: ‘शिक्षकांच्या निरोगी मेंदूसाठी रोजच्या सवयी’.

अर्ज नवऱ्याने लिहून दिला होता. बाईंना चार महिने धड झोप नव्हती. सोमवारी फळ्यापाशी सात आठे किती ते आठवेना. पोरं आधी हसली, मग चिडीचूप झाली, आणि ते गप्प बसणं बाईंना हसण्यापेक्षा जास्त लागलं. आज अर्ज दिला नाहीस तर मी स्वतः येऊन देईन, असं नवऱ्याने सकाळी बजावलं होतं.

तक्त्यात मात्र सगळं झकास. झोप आठ तास. चालणं अर्धा तास. दीर्घ श्वसन दहा मिनिटं. मन प्रसन्न. तीस दिवस, एकही रकाना रिकामा नाही.

आता यात बाईंचं काय चुकलं? वीस वर्षं त्या पाठांच्या टाचणवह्या आणि अहवाल असेच भरत आल्या होत्या. शेवटच्या दिवशी, एका बैठकीत, दोन पेनं आलटून पालटून, म्हणजे रोज लिहिल्यासारखं दिसतं. शाळेत कोण भरत नाही? वरून मागितलं की कागद काळा करून द्यायचा, एवढंच हाताला ठाऊक. आपल्या झोपेबद्दल कोणी खरंच विचारत असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही.

"यातलं खरं कोणतं धरू, बाई?" मोठ्या बाईंनी विचारलं.

आवाजात राग नव्हता. तक्ता खोटा असेल तर वर कळवावं लागेल, आणि खरा असेल तर धडधाकट माणसाला रजा कशी द्यायची, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. इकडे आड, तिकडे विहीर. शाळेचं फाटक दिसलं की मला मागे फिरावंसं वाटतं, एवढंच बाईंना सांगायचं होतं. ते ओठांपर्यंत आलंही.

"तक्ता," बाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंना हायसं वाटलं. त्यांनी अर्ज परत दिला, आणि नोकरी सोडून गेलेल्या विज्ञानाच्या सरांचा सातवीचा वर्गही बाईंच्याच गळ्यात घातला. "तुमच्याइतकं ठणठणीत माझ्याकडे दुसरं आहे तरी कोण?" वर उद्यापासूनच्या महिन्याचा कोरा तक्ता हातात ठेवला.

शिक्षकांच्या खोलीत कोणी नव्हतं. बाईंनी अर्ज पर्सच्या तळाशी सारला. घरी काय सांगायचं ते सुचेना. मग त्यांनी दोन्ही पेनं काढली आणि तक्ता पुढ्यात ओढला. पहिली तारीख, झोप आठ तास. दुसरी, आठ. तिसरी, आठ. चौथीला डोळ्यांतलं पाणी टपकलं आणि ‘मन’च्या रकान्यात नुकत्याच लिहिलेल्या शब्दाची शाई पसरली. बाईंनी ती रुमालाने टिपली, वाळू दिली, आणि त्याच डागावर वळणदार अक्षरात पुन्हा लिहिलं: प्रसन्न.