मेन चालू असताना

मशीन चालू होईना. फिजिओथेरपिस्ट दीक्षाने बटण तीनदा दाबलं, तरी समोरचा पडदा काळाच. मारुतरावांचा लकव्याने लुळा पडलेला उजवा हात मशीनच्या खोबणीत पट्ट्यांनी बांधलेला होता आणि ते अगदी निवांत बसले होते. मागच्या दोन्ही वेळी याच खुर्चीत हा माणूस घामाने भिजला होता आणि हात बांधायच्या आतच उठून गेला होता. आज एवढा निवांत, हेच खरं तर तिला खटकायला हवं होतं.

वायर धरून ती भिंतीपर्यंत गेली. मेन स्विचचा दांडा खाली पाडलेला, त्याला लाल कुलूप, आणि कुलपाला बिल्ला. 'काम चालू आहे. हात लावू नये. मारुतराव, प्रेस शॉप.'

हात बांधण्याआधी ती फाइल आणायला गेली तेवढ्यात एकट्या डाव्या हाताने त्यांनी हा उद्योग करून ठेवला होता. त्यांची बायको छबूबाई तेव्हा बाहेर चप्पल काढत होती. आता तिने कपाळावर हात मारून घेतला.

मारुतराव ओशाळले, पण चावी काही देईनात. सत्तावीस वर्षं महाळुंग्याच्या कारखान्यात त्यांनी प्रेसचे साचे बदलले होते. तिथला नियम एकच. साच्यात हात घालायचा तर आधी मेन पाडायचं, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि चावी आपल्या खिशात ठेवायची. खुद्द साहेब आला तरी द्यायची नाही. ज्यांनी हे ऐकलं नाही, त्यांतल्या तिघांची बोटं मारुतरावांनी स्वतः रुमालात गुंडाळून दवाखान्यात नेली होती. आणि आता म्हणे चालू मशीनमध्ये हात घाला आणि पडद्यावरच्या खेळातले आंबे तोडा.

दीक्षाने सगळं पुन्हा समजावलं. हे मशीन हाताला नुसता आधार देतं, जरा अडलं की आपोआप थांबतं, लकव्याचे कितीतरी पेशंट यावर सुधारलेत. मारुतराव मान डोलावत राहिले. विमा विकायला आलेल्या माणसापुढे डोलावतात तशी. मग तिने नाइलाजाने खरं ते सांगितलं. मशीन एकच आहे, रांग मोठी आहे, आणि दोन पाळ्या फुकट गेल्या आहेत. आजचीही गेली तर नंबर दोन महिन्यांनी. तोवर हात आखडून जाईल, मग मशीनही फारसं काही करू शकणार नाही.

छबूबाई म्हणाली, "ऐका की हो तिचं."

मारुतरावांनी आपल्या उजव्या हाताकडे बोट दाखवलं.

"पोरी, प्रेसमध्ये हात सापडला की माणूस बोंबलतो. तो बोंबलला की कुणीतरी धावत जाऊन मेन पाडतं. माझ्या ह्या हाताला काय बी कळत न्हाई. परवा चहाचं पातेलं टेकलं, कातडं सुटलं, अन् मला ते वास आल्यावर समजलं. तुझं मशीन हात चावत बसलं, तर मी बोंबलू कसा?"

दीक्षाने स्टूल त्यांच्या हाताशी ओढलं. ती म्हणाली, की मी तुमच्या हातावरून नजर हलवणार नाही. मशीन थांबवायचं बटण काकूंच्या हातात देते.

पट्ट्या सोडाव्या लागल्या, कारण ते कुलूप दुसऱ्या कुणाला उघडू द्यायला ते तयार नव्हते. पाय ओढत गेले, कुलूप काढलं, दांडा वर केला आणि फाशी जाणाऱ्यासारखे परत येऊन बसले.

मशीन गुणगुणलं. हात पुढे सरकला. पडद्यावर एक आंबा पडला, मग दुसरा. मारुतरावांच्या मानेवरून घाम वाहत होता. छबूबाईने अंगठा बटणाला इतका टेकवून धरला होता, की चुकून दाबलं जाईल असं तिलाच वाटत होतं. पाचव्या आंब्याला मशीनने मनगट वळवलं, आखडलेली बोटं हळूहळू उघडली, आणि मारुतराव ओरडले.

"बंद कर. दुखतंय, बंद कर."

छबूबाईने बटण दाबलं. दीक्षाने घाईघाईने पट्ट्या सोडल्या, कातडी पाहिली. परवाच्या भाजल्या जागेखेरीज कुठे ओरखडासुद्धा नव्हता, फक्त बोटं ताणली गेली होती. नक्की कुठे दुखलं, तिने विचारलं.

"अंगठ्याच्या बुडाशी," ते म्हणाले आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

लकवा झाल्यापासूनच्या पाच आठवड्यांत त्या हातात काही म्हणजे काही दुखलं नव्हतं. दीक्षाने आज इथेच थांबू या का विचारलं. मारुतरावांचा चेहरा मघापेक्षाही पांढरा पडला होता.

"न्हाई. बांध परत," ते म्हणाले. मग बायकोकडे वळले. "अन् तू ते बटण खाली ठेव. भास झाला असंल तर आत्ताच कळू दे."

मशीन पुन्हा गुणगुणायला लागलं. छबूबाईने डोळे मिटले. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पण नवऱ्याला दुखू दे म्हणून तिने देवाला हात जोडले ते त्या दिवशीच.