तिसरा झरा

कारखान्याच्या मिहिर साहेबांनी पिशवीतून मुलांनीच काढलेला नकाशा बाहेर काढला आणि योगिनीबाईंच्या वर्गातल्या फळ्यावर चिकटवला.

हाच नकाशा घेऊन ठाकरवाडीची पोरं डोंगर उतरून चिखलीच्या प्रदर्शनात गेली होती. वाडीचे देव, झाडं, पायवाटा आणि दोन झरे. पहिलं बक्षीस मिळालं. वाडीतून शिकून वाडीच्याच शाळेत बाई झालेल्या योगिनीबाई आठवडाभर जमिनीच्या चार बोटं वरूनच चालत होत्या. मग दोन महिन्यांत दोन्ही झऱ्यांना तारेचं कुंपण पडलं आणि पाइप खाली चाकणच्या कारखान्याकडे उतरले. सगळं रीतसर, परवानगीनं. वाडीला विचारायचं तेवढं राहून गेलं.

उरला तिसरा, शाळेच्या खिडकीपलीकडच्या रानातला. भर उन्हाळ्यात वाडी त्याच्यावरच जगायची. तो नकाशावर येऊ दिला नव्हता वाडीतल्या चतुराआजीनं. "झऱ्याला बोट दावायचं न्हाई, आटतो," ती पोरांना म्हणाली होती. दाखवायचंच झालं तर बोट दुमडायचं आणि पेरानं दाखवायचं, हेही तिनं शिकवलं होतं. म्हातारीचं खूळ, असं योगिनीबाईंनी तेव्हा मनात म्हटलं होतं. बाकीच्या दोन झऱ्यांपुढे लाल बाण काढायला त्यांनीच सांगितलं होतं. आता त्या बाणांकडे बघवत नव्हतं.

आजी वर्गाच्या उंबऱ्यावर बसून सगळं ऐकत होती.

"किती सुंदर काम केलंय तुम्ही," साहेब मुलांना म्हणाले. टेबलावर त्यांनी आणलेली नवी दप्तरं रचलेली होती. "फक्त एक शंका आहे. मे महिन्यात तुम्ही पाणी कुठून आणता? एखादा झरा नकाशात काढायचा राहिलाय का?"

सगळी पोरं बाईंकडे बघू लागली.

"उन्हाळ्यात टँकर येतो," योगिनीबाई म्हणाल्या. खोटं बोलायची सवय नव्हती.

"वर रस्ता नाही हो बाई. टँकर चढतो कसा?" साहेब हसले. "जाऊ द्या, मी मुलांनाच विचारतो. काय रे, उत्तर येत असलं की काय करायचं? बाईंनी शिकवलंय ना?"

शिकवलं होतं. पाच वर्षं रोज घसा कोरडा करून शिकवलं होतं. लाजायचं नाही. खाली बघायचं नाही. ठाकराची पोरं तोंड उघडत नाहीत असं उद्या कुणी म्हणता कामा नये. उत्तर आलं की बोट वर.

"योगे," उंबऱ्यावरून आजी हळूच म्हणाली, "घंटा दे."

योगिनीबाई घंटेकडे धावल्याच. पण दोरीला हात लागायच्या आत मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. चित्रा उठली होती. पहिलीत वर्षभर एक शब्द न बोललेली, बाईंनी मांडीवर घेऊन बोलती केलेली चित्रा. मान ताठ होती आणि डोळे शाबासकीसाठी बाईंकडेच लागले होते.

तिचं बोट सरळ वर होतं. हळूहळू ते खिडकीकडे वळत होतं.