वाढ थांबेपर्यंत

सायफर्टबाईंनी मार्लीसला ओळखलं, आणि तोंड फिरवलं.

व्यायामशाळेच्या दारात मार्लीस तशीच उभी राहिली. आत आरशांसमोर सहा मुली उघड्या पाठीनं बसल्या होत्या. कुणाचा कणा डावीकडे झुकलेला, कुणाचा उजवीकडे. बाई आता बहात्तर वर्षांच्या होत्या. आवाज मात्र तोच होता.

"खांदा उचलू नकोस, मला लबाडी कळते. खोल गेलेल्या बरगडीत श्वास भर. इथं, माझ्या बोटाखाली."

मुली गेल्यावर बाई दाराशी आल्या. "बोल. कशाला आलीस?"

मार्लीस रात्रभराचा प्रवास करून आली होती. बसायलाही कुणी म्हटलं नाही.

"विचारायला आले," ती म्हणाली. "तीस वर्षं थांबले होते."

तीस वर्षांपूर्वी त्या दोघी एकाच गावात होत्या, पूर्व जर्मनीत, एल्बे नदीच्या काठी. मार्लीस तेव्हा बारा वर्षांची. बाप नव्हता, घरात ती आणि आई. तिचा कणा वाकतोय हे तिचे कपडे शिवणाऱ्या आईच्याही आधी बाईंच्या नजरेत आलं. भिंतीवरच्या लाकडी दांड्यांना लटकवून, कुशीखाली तांदळाच्या पिशव्या ठेवून बाईंनी तिच्याकडून रोज दोन तास व्यायाम करून घेतला. पोर कंटाळून रडायची. तेव्हा बाई तिच्यापुढं उकिडव्या बसायच्या. "तुझी वाढीची चार वर्षं राहिलीत. तेवढी काढलीस की हा कणा जन्मभर तुझं ऐकेल. वाढ थांबेपर्यंत मी तुला सोडून कुठं जात नाही."

डिसेंबरातल्या एका सोमवारी व्यायामशाळेला कुलूप होतं. बाई सरहद्द ओलांडून पश्चिमेला गेल्या होत्या. तेव्हा बर्लिनमधून जाता येत असे. आठ महिन्यांनी तिथं भिंत उभी राहिली.

शाळेत पोरं ओरडायची, "बाई पळाली, कुबड ठेवून गेली." आई म्हणायची, "जी जातात ती आपली नव्हतीच, मार्ली. पुन्हा तिचं नाव काढू नकोस." तो व्यायाम शिकवणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. इस्पितळानं मार्लीसला वर्षभर प्लास्टरच्या साच्यात झोपवलं. सोळाव्या वर्षी तिच्या उजव्या बरगड्या पाठीवर मुठीसारख्या वर आल्या होत्या. आई तिच्या प्रत्येक झग्याची एक बाजू उसवून मोठी करायची, रोज पाठीला तेल चोळायची. मार्लीस टेलिफोन कचेरीत लागली. तिथं पाठ कुणाला दिसत नाही. लग्नाचं कुणी विचारलं नाही. दोन जिने चढले की तिला धाप लागायची.

आई भिंत पडायच्या आधीच्या हिवाळ्यात गेली. सरहद्द उघडली तशी मार्लीसनं पश्चिमेकडच्या टेलिफोनच्या यादीत बाईंचं नाव शोधलं. ते तिच्या हातचं काम होतं.

आता ती बाईंसमोर उभी होती. तिनं कोट काढला, आणि पाठ वळवून दाखवली.

"बघा," ती म्हणाली. "तुमचा शब्द असा दिसतो."

बाई बाकावर बसल्या.

"माझा शब्द?" त्या म्हणाल्या. "मी तुम्हा दोघींना घेऊन जाणार होते. इथं खोली बघून ठेवली होती, तुझ्या आईला शिवणकाम मिळवून दिलं होतं. मी शनिवारी पुढं गेले. रविवारी तुला घेऊन ती पश्चिम बर्लिनच्या स्टेशनात येणार होती. सगळं तिच्याशी ठरलं होतं. तू लहान, शाळेत बोलून जाशील, म्हणून आयत्या वेळी तुला सांग असं मीच तिला म्हटलं."

"आई आली नाही," मार्लीस म्हणाली. ते तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

"आली की. एकटी आली." बाई म्हणाल्या. "म्हणाली, मार्लीसला विचारलं, तिला यायचं नाही. म्हणाली, पोरगी तुमच्या व्यायामाला विटलीय, तुम्ही गेलात तर सुटेन म्हणते. ती परत गेल्यावरही तू येशील म्हणून मी आणखी तीन गाड्यांची वाट पाहिली. तुला मी रडवायचे हे मलाही माहीत होतं, म्हणून मला ते खरंच वाटलं. त्यानंतर कितीतरी मुली आल्या इथं. पण तुझा राग मी आजपर्यंत सोडला नाही."

मार्लीस कोटाची बटणं लावू लागली. त्या रविवारी आई मावशीकडे जाते म्हणून पहाटेच निघाली होती. संध्याकाळी परत आली तेव्हा पिशवीत सहा संत्री होती. तसली संत्री गावात मिळत नसत. आईनं ती एकेक सोलून सगळी तिलाच भरवली. स्वतः एक फोडही तोंडात घातली नाही, आणि रात्री तिला कुशीत इतकं घट्ट धरून झोपली की मार्लीसला श्वास घेता येईना.

"बाई," मार्लीस म्हणाली, "मला कुणी विचारलंच नव्हतं."