शब्बीरचं ठेशन

भोंगा त्या संध्याकाळी पुन्हा गायीबद्दल बोलला. आग्रावच्या वाटेवर तांबडी गाय हरवली आहे, कुणाला दिसली तर दुकानात कळवावं. मग दंतमंजनाची जाहिरात झाली, बोटीची वेळ आणि सुपारीचा भाव सांगून झाला. एवढं सांगून शब्बीर उकयेने मायक्रोफोन बंद केला आणि रेडिओवर मुंबईचं गाणं लावलं.

दुकानासमोर बसलेले लोक माना डोलवू लागले. दत्तात्रेय जोग तेवढा उठून घरी गेला.

बत्तीस सालची ही गोष्ट. रेवदंड्याच्या बाजारात त्या दुकानाला सगळे 'शब्बीरचं ठेशन' म्हणत. शब्बीर मुंबईत रेडिओची दुरुस्ती शिकला, आणि परत आला तो रेडिओ, बॅटऱ्या आणि छपरावर बसवायला एक मोठा भोंगा घेऊन. वारा बरा असला की आवाज चौलच्या वाड्यांपर्यंत जाई, आणि पुढे आग्राव-नागावपर्यंत बाजारातून परतणारे लोक तोंडोतोंडी खबर नेत. दुकानदार त्याला जाहिराती देत, लोक निरोप देत. वादळाची खबर कळली की तो भोंग्यावरून ओरडून सांगे आणि होड्या खाडीत परतत. कोळणी त्याच्या बायकोला, सकिनाला, न मागता मासळी देत.

दत्तात्रेयाची सुपारीची वाडी होती आणि घरात खायला कमी नव्हतं. पण त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. त्याचा शाळूसोबती येसाजी फरार होता. येसाजीने सरकारी कोठाराचं कुलूप तोडून मीठ लोकांना वाटलं होतं. तेव्हापासून तो बायकोला, सोनूबाईला घेऊन वाड्यावाड्यांतून लपत होता. पोलिसांची नजर दत्तात्रेयावर होती, म्हणून येसाजी कुठे आहे ते त्याला कुणी सांगत नसे.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आग्रावला पोलिसांचा वेढा पडला. त्यांनी घरं उलटीपालटी केली, दयाराम कोळ्याला अंगणात ओढून मारलं. त्याच्या घरातली चूल अजून ऊन होती. येसाजी थोडक्यात निसटला होता. पाय चपळ म्हणून वाचला, असं बाजारात सगळे म्हणाले.

दत्तात्रेय दयारामला बघायला गेला. तब्येतीची चौकशी झाल्यावर त्याने सहज विचारावं तसं विचारलं, की तांबडी गाय कुणाची हरवली. दयारामचा ओठ फाटला होता. त्याने नुसती मान हलवली. आग्रावात कुणाचीच गाय हरवली नव्हती.

तिथून दत्तात्रेय तडक नागावला गेला. मागे एकदा भोंग्यावरून नागावची काळी गाय हरवल्याचं सांगितलं होतं, आणि दुसऱ्या सकाळी तिथेही पोलिस आले होते. नागावातही कुणाची गाय गेली नव्हती.

आता त्याला शंका उरली नाही. चौकीचे कंदील दुरुस्तीला शब्बीरकडेच येत, आणि ते आणणारे शिपाई दुकानात गप्पा मारत बसत. येसाजीला पकडायला आलेला फौजदार बाजाराजवळच्या बंगल्यात उतरला होता आणि संध्याकाळी ओसरीवर खुर्ची टाकून बसायचा. शब्बीरला त्याच्याकडे जायची गरजच नव्हती. गाय कुठे हरवली एवढं भोंग्यावरून सांगितलं की फौजदाराला येसाजीचं ठिकाण कळत होतं.

त्याने हे आधी भागोजी शिंप्याला सांगितलं. भागोजीला पटेना. त्याच्या भावाची होडी वादळातून परत आली होती ती त्याच भोंग्यामुळे. पण दोन्ही गावांत गाय हरवली नव्हती, हे त्यालाही मान्य करावं लागलं. हळूहळू बाजारात कुजबुज पसरली. दुकानदारांनी जाहिराती बंद केल्या. कोळणी सकिनाच्या दारावरून टोपली न उतरवता पुढे जाऊ लागल्या. शब्बीर मात्र रोज संध्याकाळी बोलत राहिला.

मग एका दुपारी दत्तात्रेय आठ-दहा जणांना घेऊन दुकानात शिरला. शब्बीर चौकीचा कंदील पुसत होता.

"आग्रावात गाय हरवली नव्हती," दत्तात्रेय म्हणाला. "तुला कुणी सांगितलं होतं?"

शब्बीरने कंदील खाली ठेवला. "ते मला सांगता येणार नाही, जोगसाहेब."

"नागावचं?"

"तेही नाही."

मागून कुणीतरी शिवी हासडली. दत्तात्रेयाने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. त्याला मारामारी नको होती. भोंगा उतरवायचा आणि मायक्रोफोन खाडीत टाकायचा, एवढंच तो म्हणाला.

शब्बीर दाराशी आडवा उभा राहिला.

"आजची संध्याकाळ तेवढी मला बोलू द्या. मग मी स्वतः भोंगा उतरवून देतो. खुदाची कसम."

हाच फितूर आहे याबद्दल इतरांच्या मनात जी काही शंका उरली होती तीही त्या बोलण्याने गेली. आज संध्याकाळी काय बोलायचं होतं त्याला? दत्तात्रेयाने त्याला बाजूला सारलं. भागोजी छपरावर चढला. दिवस मावळायच्या आत सगळं खाडीच्या तळाशी गेलं. बऱ्याच दिवसांनी दत्तात्रेय पोटभर जेवला. आपण मित्रासाठी काहीतरी केलं, असं त्याला वाटलं.

सकाळी तो बाजारात आला तर माणसं घोळक्याने उभी होती. पहाटे चौलच्या एका वाडीत पोलिसांनी येसाजीला झोपेतच धरलं होतं. दोरखंडाने बांधून त्याला अलिबागच्या वाटेने नेलं होतं.

मग कोण फितूर आहे, असं दत्तात्रेय भागोजीला विचारत होता, तेवढ्यात चौलच्या रस्त्याने सोनूबाई आली. पाय चिखलाने भरले होते. गर्दीतल्या कुणाकडे न बघता ती सरळ शब्बीरच्या दुकानाच्या पायरीपाशी गेली.

"शब्बीरभाय," ती म्हणाली, "काल सांजचा तू का बोलला न्हाईस रं? तुजं गायीचं ऐकूनच तर आमी दर वेळी ठिकाण सोडायचो."