माठाची जागा

सहा वर्षांची रेणू बोलत नाही. तहान लागली की ती टॅबवरच्या शब्द शिकवणाऱ्या अ‍ॅपच्या कोपऱ्यातल्या माठाच्या चित्रावर बोट ठेवायची, टॅब "पाणी" म्हणायचा आणि तिची आई मुग्धा भांडं भरून आणायची. एवढं जमायला दोन वर्षं गेली.

गेल्या आठवड्यात मुग्धानेच हौसेने अ‍ॅप अपडेट केलं. दुसऱ्या दिवशी रेणूने त्याच कोपऱ्यात बोट ठेवलं, तर टॅब म्हणाला, "फुगा." तिने पुन्हा दाबलं. फुगाच. माठाची तिसऱ्या पानावर निळी बाटली झाली होती.

मुग्धाने कंपनीत फोन लावला.

"मॅडम, नवीन रूप मुलांना खूप आवडतंय," पलीकडची मुलगी म्हणाली.

"कुठल्या मुलांना?"

रेणूने टॅब पालथा घातला, तो पुन्हा सुलटा केला नाही. आता मुग्धा घड्याळ बघून पाणी पाजते, दोन वर्षांपूर्वी पाजायची तसंच.