टाकीखालची माणसं

"टाकी पडणार हे मीच लिहिलं होतं. आणि ते खोटं होतं," नगरपालिकेचा अभियंता टाकीखाली जमलेल्या माणसांना म्हणाला.

आठवडाभर ती शाळेच्या हॉलमध्ये झोपत होती. पाण्याची टाकी कधीही कोसळेल, खालची घरं ताबडतोब रिकामी करा, असा वरून हुकूम आला होता. लहान मुलं झोपेत दचकून उठत होती. अभियंत्याची थोरली बहीणही टाकीखालच्याच घरात राहायची. तिच्या सासूने तर अशी हाय खाल्ली, की अंथरूणच धरलं. त्या म्हातारीला बघून आल्यापासून अभियंत्याला घास गिळवत नव्हता. आज तो सगळ्यांना बोलावून मोकळा झाला.

"पद्धतच आहे ती आमची," तो मान खाली घालून म्हणाला. "सरकारनं यंदा सगळ्यांच्याच निधीला कात्री लावलीय. दुरुस्ती हवी म्हटलं, तर कुणी ढुंकून बघत नाही. घाबरवल्याशिवाय पैसा सुटत नाही. म्हणून लिहिलं, टाकी पडायला आलीय. त्यांनी पैसे दिलेच नाहीत, उलट तुम्हांलाच घराबाहेर काढलं."

"म्हणजे आमच्या जिवाशी खेळलास?" ताई म्हणाली.

"चुकलो, ताई. नोकरी गेली तर जाऊ दे. पण तुम्ही घरी चला."

कोपऱ्यावरच्या शिंप्याने त्याला एक सणसणीत शिवी हासडली, आणि मग स्वतःच हसत सुटला. बघता बघता सगळेच हसायला लागले. रागापेक्षा सुटका मोठी होती. गाद्या, भांडी, शिलाई मशीन घरात जाऊ लागली. कुणीतरी म्हातारीला खुर्चीसकट उचलून आणलं.

ताई मात्र जागची हलली नाही. "टाकी धड आहे ना पण? तू स्वतः बघितलीयस ना?"

"हो तर," तो म्हणाला.

बघितली होती, पण जमिनीवरून. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, हा गडी खाली उभा राहून दुर्बिणीने टाक्या तपासायचा. उंचीवर त्याला गरगरायचं, आणि हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ताईच्या डोळ्यांतली भीती त्याला बघवेना. "सकाळीच काठोकाठ भरायला लावलीय. एक थेंब तरी गळतोय का? थांब, मीच वर जाऊन उभा राहतो. मग तर झालं?"

मोबाइल तिच्या हातात देऊन तो शिडी चढू लागला. अर्ध्यावरच तळहात घामाने निसटू लागले. खाली बघायचं नाही, असं स्वतःला बजावत तो कसाबसा टाकीभोवतीच्या गॅलरीवर पोचला आणि भिंतीला पाठ टेकून डोळे मिटून उभा राहिला. खालून टाळ्या पडल्या.

पाठ ओली झाली. आधी त्याला तो घाम वाटला.

त्याने वळून पाहिलं. गॅलरीच्या आडोशाला, खालून कधीच दिसली नसती अशा जागी, भिंतीला आडवी भेग गेली होती. तिच्यातून पाणी झिरपत होतं. त्याने बोटं घातली, ती मुळापर्यंत आत गेली. गंजलेल्या सळईचा पापुद्रा हातात आला. आतून काहीतरी करकरलं, आणि बोटांवरचं पाणी एकदम जोराने वाहू लागलं.

तो कठड्यावरून ओणवा झाला. उंचीची भीती आता कुठल्या कुठे पळाली होती.

"पळा!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. "ताई, सगळ्यांना बाहेर काढ! टाकी पडतेय! खरंच पडतेय!"

खाली हशा पिकला. शिंप्याने शिट्टी मारली. ताईही आज पहिल्यांदाच पोट धरून हसली, आणि तोंडाभोवती हात धरून तिने वर ओरडून सांगितलं,

"पुरे रे आता! आम्ही नाही घाबरत!"