भिंतीवरचा रोगी

पोलादपूरच्या दवाखान्यात काम शिकणाऱ्या शकूला डॉक्टर बिवलकरांची शिफारस मिळाली, की मुंबईला नर्सिंगची जागा पक्की होती. त्यासाठी भिंतीवरच्या तैलचित्रातला म्हातारा न्याहाळून रोज एक लक्षण सांगायचं. नजर अशीच तयार होते, असं डॉक्टरांचं मत.

"नखं निळी हायत," पहिल्या दिवशी ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "पाय सुजलेत. काल नव्हते."

"अगं, रंग सुजतो का कधी?" डॉक्टर हसले; पण चित्राजवळ जाऊन त्यांनी चष्मा दोनदा पुसला.

तिसऱ्या दिवशी शकू बराच वेळ बघत राहिली. "आज काय नाय, डाक्टर. म्हातारा बरा झाला."

डॉक्टर चित्राकडे वळलेच नाहीत. "उद्यापासून येऊ नकोस," म्हणत त्यांनी शिफारस लिहायला घेतली.

शकूला जागा मिळाली, म्हाताऱ्याला उतार पडला. नखं निळी पडलेल्या डॉक्टरांना मात्र तेवढ्या सहीसाठी तीनदा थांबून श्वास घ्यावा लागला.